कवळीखालचा थर

"पेशंट दवा टाइम पे लेती नहीं होंगी," काउंटरमागचा कंपाउंडर दुसऱ्याला हळूच म्हणाला. फ्रीगंजमधल्या त्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या आईने ते ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला. हसताना, बोलताना, कुणी रोखून बघितलं तर, ती असंच करते.

औषध ती घड्याळ बघून घ्यायची. तोंडातली बुरशी आठवडाभर जायची आणि परत यायची. टाळू लालभडक, जिभेवर पांढरे ठिपके. सेव तर सोडाच, दुधात भिजवलेले पोहेसुद्धा गिळवेनात. मधुमेहाच्या गोळ्या चालू आणि पोट रिकामं. एका सकाळी ओट्याला धरूनच ती खाली बसली. साखर उतरून घामाने भिजली होती. तेव्हापासून स्वयंपाकघरातला आवाज थांबला की मी उठून बघते.

आत डॉक्टरांनी विचारलं, "रात को डेंचर निकालकर सोती हैं ना?"

"हाँ, निकालती हूँ ना," आई पदराआडून म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं.

पायोरियाने वरचे सगळे दात गेले तेव्हा तिची पन्नाशीही झाली नव्हती. कवळी बसवून घरी येताना टावर चौकाच्या गर्दीत मला थांबवून तिने सांगितलं होतं, "बाबांना मी बिनदातांची दिसता कामा नये हं." आणि ती त्यांना तशी कधीच दिसली नाही. बाथरूमची कडी लावून कवळी घासायची, की लगेच तोंडात. बाबा मला म्हणायचे, "तुझी आई झोपेतसुद्धा फोटोला तयार असते." ती म्हणायची, "तुम्ही तुमचं घोरणं बघा."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या बाजूची चादर रोज झटकली जाते, उशी सरळ होते. आई त्या बाजूला तोंड करून झोपते, दात लावून.

एमएस्सीला असताना मी हीच बुरशी वाढवली होती, कवळीच्याच गुलाबी प्लास्टिकच्या तुकड्यांवर. सुरुवातीला काही सुट्या पेशी नुसत्या येऊन चिकटतात. मग त्या वाढतात, लांब तंतू काढतात, एकमेकींत गुंततात आणि भोवती चिकट पदार्थ सोडतात. माठ बरेच दिवस घासला नाही की आतून हाताला बुळबुळीत लागतं, तसा थर होतो. औषध आलं की बरंचसं त्या चिकटपणातच अडकतं. जे पेशींत शिरतं त्यातलं काही त्या बाहेर फेकतात. आणि तळाशी काही पेशी निपचित पडून असतात. त्या वाढत नाहीत, खात नाहीत, म्हणून औषधाला सापडतही नाहीत. औषध थांबलं की त्यांच्यापासून सगळं पुन्हा सुरू होतं.

तुकड्याला जांभळा रंग द्यायचा आणि पाण्याने धुवायचं. थर असेल तिथे रंग राहतो. तेव्हा मला तो रंग आवडायचा. आता आई बोलताना चुकून पदर सरकला की मला तो तिथे दिसतो. तिच्या टाळूला चिकटून, रात्रभर, तोंडाच्या उबेत.

दवाखान्यातून घरी आलो. माधव नगरात दुपारी आमच्या गल्लीत कुणी नसतं. आई पलंगावर बसून कवळीसकट तोंडात नवं औषध फिरवत होती. डोळे मिटलेले. ते कवळीखाली पोचतच नव्हतं.

"इतकं काय बघतेस? जेवून घे," औषध गिळून डोळे उघडत ती म्हणाली.

"तू?"

"मला इच्छा नाही."

मला जे माहीत होतं ते सगळं इंग्रजीत माहीत होतं, परीक्षेत लिहिल्यासारखं. त्यातलं एक वाक्यही मला तिच्याशी बोलता येईना. मी स्वयंपाकघरात गेले, झाकणाच्या डब्यात पाणी घेतलं आणि तो पलंगाजवळच्या टेबलावर, बाबांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवला. आईने डब्याकडे बघितलं आणि तिचा हात पदराकडे गेला.

"डॉक्टरांना सांगितलं ना मी, काढते म्हणून."

मी बाबांच्या बाजूला बसले. ती चादर माझ्या वजनाने पहिल्यांदाच चुरगळली. आईने ती सरळ करायला हात पुढे केला, तो मी धरला.

"आई," मी म्हटलं, "बाबा आता येणार नाहीत. कवळी काढ."