पंचांचा निकाल

रोह्याच्या कंपनीत मी लॅबमध्ये आहे. दर शिफ्टला सॅम्पल घ्यायचं, तपासायचं, पास की फेल ते लिहायचं. बाबांना विसरायचा आजार जडला तेव्हा मी त्यांचंही तेच सुरू केलं. चहाच्या आधी, "बाबा, आज वार कोणता?" जेवण झालं की, "मी कोण, सांगा बघू." पाहुणे असले की जरा मोठ्यानं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत, मग लुंगीची गाठ चाचपत बसत. मी पाहुण्यांना म्हणायचो, "बघा, काय कळत नाय त्यांना." हे त्यांच्यासमोर. एकदा नाही, वर्षभर. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, कारण ती तिथेच असायची.

हळूहळू बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. बायकोशी दोन शब्द, मांजरीशी चार. मी आलो की गप्प.

अशा माणसांशी कसं बोलावं ते घरच्यांना शिकवणाऱ्या एक बाई पेणला आहेत. बाबांना घेऊन निघालो; वडखळ नाक्यावर एसटी तासभर अडकली, तरी पोचलो. बाईंनी बाबांना काहीच विचारलं नाही. खुर्ची समोर ओढून बसल्या, "बाबा, लांबून आलात," म्हणाल्या आणि थांबल्या. इतका वेळ, की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग बाबा म्हणाले, "रस्ता खराब हाय."

निघताना बाई मला म्हणाल्या, "परीक्षा बंद करा. त्यांना जे येतं त्याचं बोला. आणि थांबायला शिका."

थांबायचं जमलं. गप्प बसणं माझ्या अंगातच आहे. पण बोलायचं काय? बाबा धड होते तेव्हा तरी मी त्यांच्याशी कुठे बोललो होतो?

ते कळलं चाचांमुळे. चाचा आमच्या मागच्या मोहल्ल्यातले. पोरवयात कबड्डी खेळायचे, मग कुवेतला गेले, आता कायमचे परत आलेत. आणि बाबा म्हणजे कंपनीची ड्युटी सांभाळून तीस वर्षं कबड्डीचे पंच. पेण ते रोहा, कुठल्या गावच्या मैदानात त्यांची शिट्टी वाजली नाही असं नाही. चाचा दारातूनच ओरडले, "सलाम, पंच! पन माझा राग अजून गेला नाय हां. गडब गावच्या फायनलला मला बाद दिलात. माझा पाय लायनीच्या आत व्हता!"

मी तोंड उघडलं होतं, चाचा, त्यांना नाही आठवत, असं सांगायला. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

बाबांनी मान वर केली. आम्ही थांबलो. टेबलफॅन इकडून तिकडे फिरून परत आला.

"टाच भायेर व्हती," बाबा म्हणाले.

"नव्हती, पंच!"

"व्हती. आन् तू तवापन असाच बोंबलत व्हतास."

चाचा हसता हसता खाटेवर बसले. बाबाही हसले. कित्येक महिन्यांनी मला त्यांच्या हिरड्या दिसल्या.

तेव्हापासून घरातले सगळे तंटे पंचांकडे जातात. "पंच, बोंबील कुरकुरीत झालेत, का हे म्हणतात तसे करपलेत?" बायको विचारते. बाबा बोंबील सावकाश चावतात. मग हात वर, तिच्या बाजूला. पॉइंट नेहमी तिचाच.

"पंच फुटलेत," मी म्हणतो.

"वाद घातलास तर ताकीद देईन."

कधीकधी हात वर होतच नाही. मग मी नुसता शेजारी बसतो. मी त्यांचा मुलगा आहे हे त्यांना ठाऊक आहे का, मला माहीत नाही. विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी मात्र मी माझीच तक्रार नेली. त्यांच्यासमोर बसलो. "पंच, एका माणसानं चारचौघांत आपल्या बापाची परीक्षा घेतली. रोज. बापाला काय कळत नाय म्हणाला. निकाल काय?"

मी थांबलो.

"कोन तो गडी?"

"मी."

त्यांनी बोट वर केलं. "बाद."

"मान्य."

"मान्य काय? भायेर बस जा."

मी खरंच उठलो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. समोरच्या वहिनींनी विचारलं, "काय हो, आज बाहेर?" मी म्हटलं, "बाद झालोय." त्या हसत आत गेल्या.

कबड्डीत बाद झालेला कायमचा जात नाही. आपल्या बाजूनं समोरचा एक गडी टिपला की तो परत आत येतो. पण आत खेळत होतं कोण? बायको तांदूळ निवडत होती.

थोड्या वेळानं बाबांचा आवाज आला, मैदानावरचा, खणखणीत. "ये आत! आपला एक पॉइंट झाला."

"कुणी काढला?" मी दारातून विचारलं.

"पंचाला प्रश्न इचारायचे नसतात," बाबा म्हणाले, आणि खाटेवर माझ्यासाठी सरकून बसले.