ढोके सरांचा राहिलेला गृहपाठ

भास्करराव ढोके सरांकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांना माझी गरज आहे अशी माझी पक्की समजूत होती. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांमध्ये त्या काळी मेक्सिको, पेरू, स्पेन अशा देशांतून इंजिनिअर मंडळी येऊ लागली होती. त्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं इंग्रजी कसंबसं कामापुरतं असे, आणि ते सुधारायला ही सगळी मंडळी नारायण पेठेत सरांच्या वर्गाला येत. सरांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता आणि मी नुकतीच स्पॅनिशची पदविका घेतली होती. म्हणजे जमलंच की, असा माझा हिशोब.

वर्ग पहिल्या मजल्यावर, खाली वह्या-फायलींचं दुकान. "ढोके सरांचा वर्ग कुठे?" असं विचारलं की दुकानातले आजोबा मान वर न करता एक बोट तेवढं वर करत. त्यामुळे हे गृहस्थ फार देवभोळे आहेत, असा कित्येक परदेशी विद्यार्थ्यांचा बरेच दिवस समज होता. हेच आजोबा दुपारी एकला दुकान बंद करून चारला उघडत. दुपारची झोप मानणाऱ्या स्पेनहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरने हे पाहिलं आणि त्या दिवसापासून त्याला पुण्यात परकं वाटेनासं झालं.

मी जिना चढून वर गेले आणि सरांना म्हटलं, "सर, मला स्पॅनिश येतं."

"वा, उत्तम!" सर म्हणाले. "आपण ते वर्गात बोलू नका, म्हणजे झालं."

आणि त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं, विद्यार्थी म्हणून. माझ्या शिक्षकी पेशाची सुरुवात ही अशी झाली.

त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'या महिन्याचे पाहुणे : टेक'. सरांच्या वर्गात दर महिन्याला एक क्रियापद मुक्कामाला येतं. टेक, गिव्ह, पुट, गेट, सगळी साधी, रोजच्या वापरातली. स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला एकटं 'टेक' व्यवस्थित ओळखता येतं. त्याच्या शेजारी आणखी एखादा शब्द येऊन बसला, की मात्र ओळखीचा माणूस अचानक ओळख दाखवेनासा होतो. म्हणून सर महिनाभर एकाच पाहुण्याचा पाहुणचार करतात आणि त्यासाठी त्यांचे दोन नियम आहेत. जो वाक्प्रचार शिक्षकाने स्वतःच्या आयुष्यात जगून पाहिला नाही, तो त्याने शिकवायचा नाही. आणि ज्या विद्यार्थ्याने तो खऱ्या प्रसंगात वापरून वर्गात येऊन सांगितला नाही, त्याला तो येतो असं मानायचं नाही. पाठांतराला सरांच्या लेखी शून्य किंमत. "प्रसंग आणा," एवढाच गृहपाठ.

मला वर्गात स्पॅनिश बोलायची परवानगी मिळाली ती त्याच स्पेनच्या तरुणामुळे. ऑफिसातले सहकारी माझे केस घेतात, अशी तक्रार त्याने एकदा इंग्रजीत केली. सगळा वर्ग त्याच्या डोक्याकडे बघू लागला. केस जागच्या जागी होते. मी उठून खुलासा केला, की स्पॅनिशमध्ये चेष्टा करणे याला केस घेणे म्हणतात. सर एकदम खुलले.

"म्हणजे फिरकी घेतात! अहो, यांचं आणि आपलं घेण्यावरच जमतंय की. इंग्रज उगीच पाय ओढतो."

"आपल्याकडेही ओढतात, सर," मी म्हटलं.

"ओढतात. पण चेष्टेत नाही," सर म्हणाले आणि पुढच्या वाक्याकडे वळले. तेव्हापासून शनिवारी शेवटची काही मिनिटं स्पॅनिशसाठी राखून ठेवली गेली. त्याच वेळात आमच्या लक्षात आलं, की आपण एखादी गोष्ट मनावर घेतो तशी ही मंडळी छातीवर घेतात. सरांना याचा इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्यांना चहा मागवला.

सरांची खरी शिकवण मला दिसली ती लुसियामुळे. लुसिया पेरूची. नवऱ्याच्या नोकरीमुळे वारज्यातल्या एका सोसायटीत राहायला आलेली. ती वर्गात यायची, बसायची आणि काही बोलायची नाही. विचारलं की ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. दुसरा कुणी शिक्षक पुढच्या बाकाकडे वळला असता. सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत, म्हणत, "टेक युवर टाइम, लुसियाबाई," आणि खरोखर थांबत. घड्याळाकडे न बघता, शब्द न सुचवता, चेहऱ्यावर उपकार न आणता. चहा थंड व्हायचा, खालच्या रस्त्यावरचे रिक्षाचे हॉर्न स्पष्ट ऐकू यायचे, मला तर बाकावर बसून घाम फुटायचा. सर थांबलेलेच. काही आठवड्यांनी लुसियाने पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं, "आय टेक टी विदाउट शुगर." सरांनी घरी सुमनकाकूंना लगेच फोन करून ही बातमी दिली. मी तिथेच होते म्हणून सांगते, मुलाला नोकरी लागल्यावरही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता.

मग एके दिवशी 'टेक अ स्टँड' आलं. आपली भूमिका घेणे, मागे न हटणे. नियमाप्रमाणे सरांनी स्वतःचा प्रसंग सांगितला. सर मूळचे वर्धा जिल्ह्यातले. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मुलांना शिकवलं. सर शिक्षक होऊन तालुक्याच्या एका शाळेत रुजू झाले, तर तिथे शिक्षकांच्या खोलीत त्यांचा चहाचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. सर भांडले नाहीत. मात्र रोज मधल्या सुट्टीत ते सगळ्यांच्या मधोमध येऊन उभे राहत आणि चहाला हात लावत नसत. "काय झालं, बसा की," असं कुणी म्हटलं, तर शांतपणे सांगत, "कप आला की बसतो." पावसाळा गेला, परीक्षा झाल्या. शेवटी एका दिवशी शिपायाने सगळे कप एकाच ट्रेमध्ये आणले. सर खाली बसले. त्यांनी हे इतक्या हसतमुखाने सांगितलं, की आम्हाला काय वाटून घ्यावं ते कळेना. लुसिया मात्र टक लावून ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात तिच्या सोसायटीची सभा झाली. कामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, असा ठराव होता. लुसियाकडे शोभाताई कामाला यायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे आणि लुसियाचं घर सहाव्या मजल्यावर. ठराव मंजूर होणार एवढ्यात लुसिया उठली आणि म्हणाली, "आय टेक अ स्टँड." पुढचं इंग्रजी तिला सुचेना. ती तशीच उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, प्लीज बसून घ्या." ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "शोभाताई लिफ्टने आल्या, की बसते." लोक चुळबुळ करू लागले. मग तळमजल्यावरच्या एक आजी, ज्यांचा लिफ्टशी काही संबंध नव्हता, त्याही उठल्या. मग आणखी कुणी. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं अडखळत वर्गात सांगितलं. सर ऐकता ऐकता खुर्चीतून उठले. त्यांना काही तरी बोलायचं होतं, पण बोलता येईना. तेव्हा लुसियाच म्हणाली, "टेक युवर टाइम, सर." सरांचे डोळे भरून आले. मी त्यांना तसं पाहिलेलं ते पहिलंच.

सरांच्या मायेबद्दल या गौरव अंकात बरेच जण लिहितील, मी एवढंच सांगते. फोन ठेवताना आपण सगळे सहज म्हणतो ते 'टेक केअर' सर कधी म्हणत नाहीत. माझे वडील रुग्णालयात होते तेव्हाही म्हणाले नाहीत. ते कर्वेनगरहून रोज सकाळी डबा घेऊन यायचे, वडिलांजवळ बसायचे आणि मला घरी आंघोळीला पिटाळायचे. वडील पक्के पुणेकर, कौतुक करायची सवय नाही. ते एक दिवस म्हणाले, "तुझ्या सरांच्या घरचं वरण बरं असतं." आमच्या घरात याहून मोठा पुरस्कार नाही. वडील घरी आल्यावर सरांनी वर्गात हा प्रसंग मला सांगायला लावला आणि म्हणाले, "आता हा वाक्प्रचार मुग्धाताई शिकवतील." माझा पहिला तास तो.

गेल्या वर्षी मात्र सरांनी आम्हाला घाबरवलं. शिकवता शिकवता ते छातीवर हात ठेवून खाली बसले. रुग्णालय, अँजिओप्लास्टी, सगळं झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जिने चढायचे नाहीत, दगदग नको. टेक इट ईझी, सर."

"ते मी शिकवत नाही," सर म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, औषधाची गुंगी असेल. आम्हाला ठाऊक होतं की हे खरं आहे. इतक्या वर्षांत 'टेक'चा पाहुणचार कितीदा झाला, पण 'टेक इट ईझी' फळ्यावर कधी आलं नाही. आणि झालंही तसंच. थोडं बरं वाटताच सरांनी जाहीर केलं, की सोमवारपासून वर्ग सुरू, नारायण पेठेतच, वरच्या मजल्यावर. सुमनकाकू रडल्या, मी चिडले. सर म्हणाले, "वर्ग बंद पडला तर मी काय करू? भिंतीकडे बघत बसू?" जिना सरांना झेपणार नव्हता आणि वर्गावाचून राहणंही झेपणार नव्हतं. आपण सरांना गमावून बसू, अशी भीती मला तेव्हा खरोखर वाटली.

शेवटचा उपाय म्हणून मी लुसियाला व्हिडिओ कॉल लावला. ती आता परत पेरूत, लिमात असते आणि तिथे स्वतः इंग्रजी शिकवते. तिच्याही फळ्यावर दर महिन्याला पाहुणे येतात. तिने सरांची तब्येत विचारली नाही, उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाली, "सर, माझे विद्यार्थी 'टेक इट ईझी' विचारतात. आपण ते आम्हाला का नाही शिकवलं?"

सर गडबडले की त्यांची वऱ्हाडी बाहेर येते. "मले त्याचा अनुभवच नाही ना!" ते म्हणाले, आणि मग तेच इंग्रजीत सांगितलं.

"मग नियमाप्रमाणे," लुसिया म्हणाली, "प्रसंग आणा."

स्वतःच्या नियमापुढे सरांचं काही चालेना. पंच्याहत्तरीच्या तोंडावर त्यांना पहिल्यांदा गृहपाठ मिळाला होता, आणि ढोके सर गृहपाठ टाळणाऱ्यांतले नाहीत.

आता वर्ग कर्वेनगरला, सरांच्या घरी तळमजल्यावर भरतो. आठवड्यातले दोन दिवस सर, बाकी मी. दर तासाला सुरुवातीला विद्यार्थी विचारतात, "सर, प्रसंग आणला?" सर प्रामाणिकपणे प्रयत्न करतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, की काल दुपारी मी छान झोप घेतली. वर्ग टाळ्या वाजवणार, इतक्यात आतून काकू म्हणाल्या, "कायची झोप! चादरीत तोंड घालून पेपर तपासत होते. म्या पाह्यलं ना." वर्गाने प्रसंग एकमताने फेटाळला. फळ्याच्या कोपऱ्यात त्या कॉलनंतर लिहिलेलं 'टेक इट ईझी' अजून तसंच आहे आणि त्याच्यापुढे मी लिहिलं आहे, 'ढोके सर, गृहपाठ बाकी'.

सर, अमृतमहोत्सवाच्या दिवशी लोक आपल्याला शतायुषी व्हा म्हणतील. माझंही तेच मागणं आहे, फक्त माझ्याकडे कारण आहे. हा प्रसंग आपल्याला इतक्यात जमणारा नाही. आपण तो शोधत राहा, फसत राहा, काकू आपल्याला पकडत राहोत. आम्ही सगळे, पुण्यातले आणि लिमातले, आपल्यासमोर खुर्ची ओढून बसलो आहोत. घड्याळाकडे कुणी बघत नाही.

टेक युवर टाइम, सर.