कुळथाचं पाणी
कुळीथ शिजल्याचा वास आला की मला कांदिवलीची आमची चाळ आठवते. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला त्या वर्षी बाबांना मुतखडा झाला, आणि शेजारच्या मालवणी काकू रोज पेलाभर कुळथाचं पाणी आणू लागल्या. "भावजी, ह्यां घेवा, खडो पडतलो!" काकूंची पाठ वळली की बाबा पेला माझ्या हातात द्यायचे. "पी गं पटकन, मला वासच सहन होत नाही." मीठ-मिरी घातलेलं ते पाणी मला भारी आवडायचं. डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन आणि तांब्या-तांब्या साधं पाणी पिऊन एकदाचा खडा पडला, तर काकूंनी चाळभर पेढे वाटले. आठवड्याभरात प्रत्येक स्टोव्हवर कुळीथ शिजायला लागले. आता मी डॉक्टर आहे, आणि कुळथाच्या पाण्याने गुण येतो याला पुरावा काय, असं पेशंट विचारतात तेव्हा हसू आवरत नाही. आमच्या चाळीतला पुरावा मीच पिऊन टाकला होता.