अण्णांनी रिकामा ठेवलेला गुरुवार

१९५५ साल, माझं वय सदुसष्ट. हातोदच्या बाजारात ज्वारीची पोती उतरवून घेत होतो, तेवढ्यात इंदूरच्या मोटारीचा क्लीनर टपावरूनच ओरडला, “दफेदार साहब, रामबागवाले अण्णा गये!” मी म्हटलं, नीचे उतर के बोल. माणूस गेल्याची खबर टपावरून देतात का? तो उतरला, डोक्याचा रुमाल काढला आणि पुन्हा तेच बोलला. मग मी पोत्यावर बसलो. भाव काय ठरला, कोणी ठरवला, आठवत नाही...

त्याला आता दीड महिना होतो आहे. या पुरवणीत अण्णांवर पुष्कळांनी लिहिलं. शांत, क्षमाशील, अजातशत्रू. हा शेवटचा शब्द मी मुलाकडून समजून घेतला. ज्याला शत्रू नाही तो, म्हणे. साफ खोटं आहे. अण्णांना एक शत्रू होता आणि तो त्यांनी माझ्याकडून आपणहून घेतला होता. ते कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो, पुढची सगळी उमर संस्थानच्या रिसाल्यात घोड्यावर. मुलगा म्हणाला, बाबा, भाषा जरा सरळ करून देतो. म्हटलं, हात लावायचा नाही.

अण्णा दरबारच्या कचेरीत कारकून होते. संस्थान गेलं, मध्यभारत आला, अण्णा पेन्शनीत निघाले आणि दुसऱ्या कामाला लागले. मालव्यातल्या कुठल्याही गावातून मराठी माणूस मॅट्रिक झालेलं पोर घेऊन रामबागेत त्यांच्या ओसरीवर यायचा. पोराला कुठल्या कॉलेजात घालायचं, अर्ज इंग्रजीत कोण लिहिणार, फीमाफीला कोणाला भेटायचं, जुनी पुस्तकं कोणाकडे, सगळं अण्णा बघायचे. पोराला पहिला सवाल एकच, “कशात पास होशील ते नको सांगू. कशात नापास झालास तर पुन्हा परीक्षेला बसशील, ते सांग.” माझ्या दिनकराने सांगितलं, डॉक्टरीत. मला तो पोलिसात हवा होता. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, “दफेदार, ऐकलंत ना? आता तुम्ही चहा घ्या.” म्हणजे गप्प बसा.

मग जेवणाचा प्रश्न आला. बाहेरगावच्या मुलाला सात घरी सात वार लावून द्यायची आपल्यात रीत आहे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, माझा मुलगा दारोदार भीक मागणार नाही. अण्णा सुपारी कातरत होते. म्हणाले, “रिसाल्यात तुमच्या घोड्याला दाणा कोण घालायचं?” म्हटलं, सरकार. “मग घोडा भिकारी होता का हो?” अण्णांच्या मंडळींना, माईंना, आतून हसू आलं ते मला ऐकू आलं. मी बसलो. अण्णांचा त्यात नियमही पक्का होता. ज्याच्या मुलाचं काम करून दिलं, त्याने पुढे दुसऱ्या कोणाच्या मुलाचा एक वार आपल्या घरी ठेवायचा. याखेरीज ते कोणाकडून काही घेत नसत. मी हातोदला राहणारा, मला वार ठेवता येईना, म्हणून सातही घरी शेतातला माल पोचवायचो. फुकटाचं आम्ही खाल्लेलं नाही.

गुरुवार लागला तो पलासियाकडच्या एका बंगल्यावर. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की मोठेपणा मिळतो. मी त्यांना गुरुवारवाले म्हणतो. आमच्याच जातीचे, आमच्याच सोयरिकीतले. आजोबांची सरदारी संस्थानाबरोबर गेली, तोरा तेवढा घरात राहिला. दिनकर वर्षभर तिथे जेवला, एक शब्द बोलला नाही. हिवाळ्यात मी ओल्या हरभऱ्याचा भारा घेऊन गेलो. आत पाहुण्यांची पंगत बसली होती, चांदीची ताटं. दिनकर कुठे दिसेना. नोकर म्हणाला, पीछे. मागे तबेला होता. माझा मुलगा हातात खरारा घेऊन घोड्याचं अंग घासत होता. बाजूला उंबऱ्यापाशी पत्रावळ वाढून ठेवलेली, खाली पाट नाही, जमिनीवरच. आणि माझ्या मागून गुरुवारवाले पान चघळत पाहुण्यांना सांगत होते, “दफेदाराचा पोरगा आहे, रक्तातच आहे ना भिया! आधी घोडा, मग जेवण. फोकट थोडंच खिलवतो आम्ही?” पाहुणे हसले. भरल्या पानावरून माणसाला उठवत नाहीत. मी दिनकराला तसाच बाहेर काढला. हरभऱ्याचा भारा घोड्यापुढे टाकला. म्हटलं, याने माझ्या मुलाशी गैरवर्तन केलेलं नाही, याला खाऊ दे.

तिथून सरळ रामबागेत. माझा रिसाल्यातला चाबूक दिनकराच्या खोलीवर होता, तो घेऊनच गेलो. अण्णांना म्हटलं, आज मी त्याला त्याच्याच तबेल्यात घासतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. “घासा,” म्हणाले. “परीक्षा तोंडावर आहे. तुम्ही कोतवालीत, पोरगा वकिलाच्या दारात. त्याला पुन्हा घोडाच घासायला लावाल.”

“मग काय हातावर हात ठेवून बसू?”

“नाही. माफ करायचं नाही. पण चाबकाने एका दिवसात संपेल हो... मला इतक्या लवकर संपवायचं नाही.”

अण्णांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मऊ माणसाचा राग काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. शंभर घरं होती, कोणीही दिनकराचा गुरुवार घेतला असता. अण्णांनी भरला नाही. म्हणाले, हा वार रिकामा राहील आणि का रिकामा आहे ते प्रत्येकजण विचारील. आणि पोर एकटं उपाशी राहणार नाही. त्या दिवसापासून दर गुरुवारी तिघं पाण्यावर, रामबागेत अण्णा, खोलीवर दिनकर, हातोदला मी. ज्याने विचारलं त्याला अण्णा कारण सांगायचे, आवाज न चढवता, पंगत, पत्रावळ, खरारा सगळं. जूनमध्ये गुरुवारवाल्यांचा कारभारी आला, दोन मुलं पाठवा म्हणे, चार पाठवा. अण्णांनी विचारलं, “घोडे किती आहेत?” तो म्हणाला, तीन. “मग तीन नोकर ठेवा म्हणावं.” हे वाक्य आठवड्यात खजुरी बाजारापर्यंत गेलं. आपल्यात मोठं घर म्हणजे ज्याच्या पंगतीला विद्यार्थी असतो. त्या बंगल्यावर पुन्हा एकही विद्यार्थी जेवला नाही.

मग एक दिवस खुद्द गुरुवारवाले मोटारीतून अण्णांच्या दारात उतरले. स्वतःचा मुलगा कसाबसा पास झालेला, कॉलेजात घ्यायला कोणी तयार नाही. मला वाटलं, आता अण्णा हाकलतील. अण्णांनी अर्ज लिहिला, उन्हात तीन कॉलेजांच्या कचेऱ्या फिरले, मुलाला जागा मिळवून दिली. मी महिनाभर रामबागेत पाय ठेवला नाही. गेलो तेव्हा तोंडावर म्हटलं, तुम्ही दगा दिलात. अण्णा म्हणाले, “पोराने काय केलं होतं? आणि पुढचं ऐका. नियमाप्रमाणे ते वार ठेवतो म्हणाले. मी सांगितलं, तुमचा वार नको. इंदुरात ज्या ज्या घरचं काम मी केलं ते ते फेडून मोकळं झालं. हे एकटे राहिले. आता राहू देत तसेच, जन्मभर.” माझ्या चाबकात इतकी धार नव्हती.

दिनकर आज मेडिकल कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे. तो डॉक्टर झाला की गुरुवार सोडायचा असं ठरलं होतं. माई सांगतात, शेवटच्या आजारात त्यांनी पेजेची वाटी पुढे केली, तर अण्णांनी विचारलं, आज वार कोणता? आणि तोंड फिरवलं.

शोकसभा बुधवारी झाली. वार लावून देणारा माणूसच गेला, तेव्हा निम्म्या मुलांचे वार विस्कटले होते. गुरुवारवाले पुढच्या खुर्चीवर. उठून डोळे पुसले आणि जाहीर केलं, अण्णांच्या नावाने दर गुरुवारी बंगल्यावर सगळ्या गरीब विद्यार्थ्यांना भोजन, उद्यापासूनच. टाळ्या पडल्या. मला हात चोळत बसवेना. नाही म्हणणारा माणूस जळून राख झाला तेव्हा हे फेडायला निघाले! मी उभा राहिलो, म्हटलं, अण्णांनी तुमचा वार घेतला नव्हता, त्यांच्या मागे तो कोणी घेणार नाही. सभेत कुजबुज झाली. दिनकराने माझी बाही ओढली. “बाबा, पोरं उपाशी आहेत हो. त्यांचं पोट बघा, तुमचं वैर नंतर.” पोरगा चूक बोलला नाही. पण वैर नंतर ठेवायची वस्तू नाही. मी म्हटलं, दोन्ही बघतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी माईंच्या अंगणात गोवऱ्या पेटवल्या. रिसाल्यात शंभर माणसांच्या बाट्या भाजलेल्या आहेत, पंधरा पोरांचं काय! माईंनी वरण केलं. मग पोरांना आणायला गेलो आणि येताना मुद्दाम लांबचा, पलासियाचा रस्ता घेतला. बंगल्याच्या फाटकात गुरुवारवाले उभे, आत टेबलं मांडलेली, फुलं सुद्धा. “या, या, मुलांनो!” म्हणाले. मी पोरांना थांबू दिलं नाही. फक्त म्हटलं, “गुरुवार भरलाय, सरदार.” रामबागेत सगळ्यांना पाट मांडले. अण्णांचा शिसवी पाट, कोपरा उडालेला, तो त्यांनी कायम नवीन आलेल्या मुलाला द्यायचा आणि स्वतः जमिनीवर बसायचं. त्यावर खरगोनहून आलेलं सगळ्यात नवं पोर बसवलं. त्याच्या पानात तुपात बुडवून बाट्या वाढल्या, दिनकरालाही, तुझा गुरुवार आज भरला म्हणून, बळंच बसवून वाढलं, आणि मी पाणी पिऊन अण्णांच्या जागी जमिनीवर बसलो.