कादंबरीत नसलेलं नाव

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचले ते चुका काढण्यासाठी. आमच्या जळगावच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. भोंदू बाबांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, मजुरीच्या दरांसाठी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती छापली आणि बसस्टँडवर उभं राहून वाटली. मी त्यांच्या घड्या घालत अक्षरं शिकले. आबांचा नियम एकच होता: पुरावा नसेल तर शाईला हात लावायचा नाही. तो नियम मी आजही मानते. म्हणूनच हे लिहिताना एकही शब्द वाढवलेला नाही.

एका छोट्या त्रैमासिकासाठी मी पुस्तक परीक्षणं लिहिते. गेल्या उन्हाळ्यात संपादकांनी एक जाडजूड कादंबरी पाठवली. डोंगरावरचा एकटा बंगला, बंद खोली, जिन्यावरचे आवाज... मी नाक मुरडतच सुरुवात केली आणि अडकले. लेखिकेचा हात जबरदस्त आहे. पायऱ्यांचं असं वर्णन की वाचता वाचता मी स्वतःच्या घरातल्या दाराकडे वळून पाहिलं. पण पुढे डोकं तापलं. बंगल्यातलं भूत कोण, तर मोलकरीण! मालकांच्या वाट्याला दुःख, पश्चात्ताप, चांदण्यातले संवाद. हिच्या वाट्याला फक्त किंकाळी. जिवंतपणी राबायचं आणि मेल्यावर त्याच घरात लोकांना घाबरवायची ड्युटी करायची, तीही बिनपगारी. आणि एवढ्या पानांत तिला साधं नाव नाही.

अर्धी वाचून झाली आणि शिरपूरला जावं लागलं. तिथे माझी आत्या असते, आमच्याकडे फुई म्हणतात. आबांची मोठी बहीण, ते तिला अक्का म्हणतात. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, रडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. फुईला वाचता येत नाही आणि नुसतं पडून राहणं तर त्याहून येत नाही. म्हणून रोज दुपारी तिला हीच कादंबरी वाचून दाखवायला लागले. शेजारच्या सुशीलावहिनी शेंगा फोडत ऐकायला बसायच्या. असलं अभद्र पुस्तक आजारी माणसाला कशाला, असं रोज म्हणायच्या आणि रोज सगळ्यात आधी यायच्या.

फुईचा राग माझ्यासारखाच निघाला. ती म्हणाली, "भूत व्हयनी तरी भांडाच घशी राहिनी का ती? आनि तिले नाव नही शे का?"

मी म्हटलं, लेखिकेला सुचलं नसेल.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात मी एक ओळ वाचली: 'खालून ठगूबाईने हाक दिली.'

मी खूश झाले. दिलं शेवटी नाव! तेही आपल्या भागातलं. मुलं जगत नसली की मृत्यूला ठकवायला मुलीला ठगू म्हणायचे, ती ही ठगूबाई. सुशीलावहिनी म्हणाल्या, "पुस्तकमा बी आपलाकडलं नाव शे वं." मी हातातल्या पेन्सिलीने ओळीशेजारी बरोबरची खूण केली.

फुई मात्र उठून बसली. मग म्हणाली, "आखो एकडाव वाच."

मी पुन्हा वाचली. तेच नाव. फुईने तोंड भिंतीकडे केलं आणि आज पुरे म्हणाली. मला वाटलं, थकली.

जळगावला परत येऊन परीक्षण लिहिलं. अर्धं कौतुक, अर्धी चिरफाड. शेवटी लिहिलं की, या बाईला नाव देऊन लेखिकेने कादंबरी वाचवली. दोन दिवसांनी संपादकांचा फोन. कादंबरी त्यांनीही वाचली होती. नाव कुठे आहे, मला तर दिसलं नाही, असं म्हणाले. मी हसत पुस्तक उघडलं. पेन्सिलीची खूण जागेवर होती. शेजारी छापलेलं होतं: 'खालून मोलकरणीने हाक दिली.'

पुढची-मागची सगळी प्रकरणं पालथी घातली. ठगूबाई कुठेच नाही. संपादक म्हणाले, ओळ काढून टाक, विषय संपला. पण खोटी ठरणार होते मी! सुशीलावहिनींना फोन केला. त्यांनी नाव लगेच सांगितलं, मी ते न उच्चारता.

मग मी शिरपूरची बस धरली. फुईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. पुस्तकात असं काही नाहीच, हे मी तिला सांगितलं. तिने पुस्तक हातात घेऊन त्या खुणेवर बोट फिरवलं आणि सांगू लागली. ठगू तिची थोरली बहीण. लहानपणीच तिला धुळ्याला एका बंगल्यावर कामाला ठेवलं होतं. तिथे तापाने गेली. आईने घरात ते नाव घ्यायला बंदी केली. आबा त्यानंतर जन्मले, त्यांना अशी बहीण होती हेसुद्धा कुणी सांगितलं नाही.

"इतला वरीसमा ते नाव कोनीच लिधं नही," फुई म्हणाली. "पुस्तकमा नही व्हई. पन तू वाचं ना?"

वाचलं. दोनदा वाचलं.

उन्हामुळे, गुंगीमुळे, मनात असलेलं डोळ्यांना दिसतं... ही सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. दुसऱ्या कुणी दिली असती तर मीच मान्य केली असती. पण फुईला अशी एक बहीण होती हेच मला माहीत नव्हतं, तर तिचं नाव माझ्या मनात असणार कुठून? भुतांवर माझा आजही विश्वास नाही. परीक्षणात मी शेवटी लिहिलं की लेखिकेने तिला नाव दिलेलं नाही, द्यायला हवं होतं. तेवढं सिद्ध करता येतं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, पान उजेडात धरलं, खाडाखोड आहे का पाहिली.

"पुरावा नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाहीच.

त्यांनी पुस्तक मिटलं, पण खाली ठेवलं नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ती दिसायला कशी होती, काही म्हणाली का अक्का?"