वैशालीची परदेशी चाल

वैशालीच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती काढायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल. सावित्री नदीकाठच्या पोलादपूरच्या वरच्या वाडीतली ही बाई. महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. यंदा तिनं गणपतीसाठी बायकांचं जाखडी नाचाचं मंडळ काढलं. नवरा म्हणाला, "कशाला नसत्या उचापती?" तिनं त्याच्याच हातात झांजा दिल्या.

जाखडीतली गंमत अशी, की शब्द आपले, चाल मात्र बहुतेकदा गाजलेल्या गाण्याची. एखादं गाणं गाजलं रे गाजलं, की सगळे शाहीर त्यावर तुटून पडतात. बारीला, म्हणजे दोन मंडळांच्या सवाल-जवाबाला, समोर उभा राहणार होता महिपत. वैशालीला नाच-गाणं शिकवणारे कुशाबा तात्या दोन वर्षांमागं वारले, त्यांचा हा मुलगा. तो चारचौघांत म्हणाला, "बाया काय गाणार? आमच्याच उष्ट्या चाली!"

झालं, बाई पेटली. "अशी चाल आणीन, की ह्याच्या बापानं..." म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. त्याचा बाप म्हणजे तिचा गुरू!

मग कंपनीच्या बसमध्ये बसून तिचा मोबाईल जगभर हिंडू लागला. कोरियातली पोरं पाहिली, सगळी कशी एका तालात. स्पेनच्या बायका टाचा आपटताना पाहिल्या. "पाय लय भारी हाय, पण आपल्याला झेपायचं नाय," म्हणून त्यांना रजा. शेवटी आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाची एक छोटी क्लिप सापडली. लाल-काळे कपडे, पितळी वाजंत्री, भर रस्त्यात नाचणारी माणसं. पाय आपोआप उचलावा अशी चाल. वैशालीनं त्यावर गणपतीचा गण रचला आणि दारं लावून तालीम सुरू केली.

बारी तोंडावर आली आणि ढोलकी वाजवणारी अंकिता अख्खा व्हिडिओ घेऊन धावत आली. त्या नाचणाऱ्यांच्या पुढं चालणाऱ्यांच्या खांद्यावर शवपेटी होती.

"वयनी, मयताचं गाणं हाय गो हे! त्यांच्यात असं नाचत नेतात. आणि आपण ह्याच्यावर बाप्पाला बोलवतोय!"

बायकांनी पायातले घुंगरू सोडायला घेतले. एक म्हणाली, बारीच सोडून देऊ. वैशालीनं मात्र व्हिडिओ परत लावला, आणि परत. तिचे डोळे भरून आले.

"तात्या हेच तर मागत होते," ती म्हणाली. "मला रडत नेऊ नका, ढोलकीवर न्या. पण लोक काय म्हणतील म्हणून महिपत भावजींनी ढोलकीला हात लावू दिला नाय. मुकाट नेलं त्यांना. गण आपण जुन्याच चालीत म्हणू. ही चाल तात्यांची."

"सणासुदीला मयत? लोक अशुभ म्हणतील," अंकिता म्हणाली.

"म्हणू दे! गुरूचं नाव घ्यायला कसलं आलंय अशुभ?"

गौरी आल्या त्या संध्याकाळी मांडव भरला. गण झाला, आणि वैशालीनं परदेशी चाल उचलली.

"रडू नका गो, वाट द्या गो, शाहीर चालला बारीला,
नाचत नाचत पोचवू त्याला सावित्रीच्या तीराला."

आधी कुजबुज झाली. मग कुशाबांचं नाव आलं आणि माणसं महिपतकडं वळून बघू लागली. बायका मात्र थांबल्या नाहीत, घुंगरू बांधलेले पाय जोरात पडत होते.

आता महिपतची पाळी. बारीत समोरच्याला जवाब द्यावाच लागतो, नाहीतर हार. तो उठला. तसाच चालत अंकितापाशी गेला आणि ढोलकीसाठी हात पुढं केले.

"वयनी, परत म्हणा. त्या दिवशी माझ्यामुळं वाजवायची राहिली."

वैशालीनं पदर खोचला. "वाजवा भावजी. पण रडत नको, तात्यांना चालायचं नाय."

महिपतनं बाहीला डोळे पुसले आणि थाप मारली.