काळ्या मातीतली सीतेची वेणी

ओल्या कोळशाचा गंध कधी घेतला आहे तुम्ही? थंड, किंचित कडवट, आणि तरी ओलाव्यामुळे सजीव भासणारा! आमच्या इंदूरच्या घरात तो न्हाणीघरातून दरवळे, कारण तिथल्या खिडकीशी वहिनीची सीतेची वेणी टांगलेली असे.

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हाचे ते दिवस. सरकारी कचेऱ्या अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं इंदूरला. दादा त्यांच्यामागे हिंडणारा कारकून. वहिनी सावंतवाडीकडची. माहेरच्या आंब्यावरून तिने ही आमरी उतरवून आणली होती. इंग्रजी शिकलेले हिला ऑर्किड म्हणत. माळव्याच्या कोरड्या झळांत ती जगावी तरी कशी? म्हणून घरातली सर्वांत दमट जागा तिला मिळाली. परडीत कोळसे आणि विटांचे तुकडे, बाहेर लोंबणारी पांढुरकी मुळं, सकाळी पाण्याचा हलका शिडकावा. पानांच्या बेचक्यात थेंब राहिलाच, तर वहिनी तो पदराच्या टोकाने हळुवार टिपून घेई.

"हिची मुळं वाऱ्यावर जगतात, वन्सं," ती मला सांगे.

त्या वर्षी वहिनीला दिवस गेले होते, आणि वेणीलाही पहिलाच तुरा फुटत होता. केवढी आशा होती घरात! पण मूल जन्मलं ते निष्प्राण. वहिनी तापाने इस्पितळात पडून राहिली, मी तिच्या उशाशी. घरी एकटी आई. काय करावं ते न सुचून तिने वेणीकडे मोर्चा वळवला. उघडी मुळं तिला बघवेनात. तिने मोठी कुंडी आणली, शेणखत घातलेली काळीभोर माती भरली, मुळं खोल पुरली आणि दोन्ही वेळा पाणी घातलं. ज्या मातीत गहू आणि कापूस फोफावतात, तीच तिने दिली. काय चुकलं त्या माउलीचं?

वहिनी रिकाम्या हातांनी घरी आली. पाय धुवायला न्हाणीघरात गेली, तिने पानाला बोट लावलं, आणि ते कुजलेलं पान अलगद तिच्या हातात आलं.

"एक दिवस पाणी चुकवलं नाही गं, सूनबाई," आई कळवळून म्हणाली.

"जीव लावलात, आई." वहिनीचा स्वर अगदी कोरडा होता.

दारातून दादा म्हणाला, "छोड ना, दुसरं आणू आपण."

"कुठलं दुसरं?" वहिनीने विचारलं.

मायेच्या हातून झालेल्या घाताची दाद कुणापाशी मागावी? ज्याच्यावर रागवावं, असा तिथे कुणी नसतोच. वहिनीला पुन्हा दिवस गेले नाहीत. आई तिला दुधावरची साय काढून ठेवी, वहिनी आईचे पाय चेपी. दोघी एकमेकींना जन्मभर जपत राहिल्या, आणि त्या निःशब्द जपण्याचीच मला भीती वाटत राहिली.